खुब्याचा लपलेला वाक शोधणारे डॉ. थॉमस

गुडघा सुजला तर डोळ्यांना दिसतो. कोपर पुरते सरळ होत नसेल तर घरातले लहान मूलही ते सांगेल. खुब्याचे तसे नाही. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत बसलेला असतो आणि त्यावर जाड स्नायूंचे थर असतात, त्यामुळे हा सांधा बोटांना लागत नाही. तो आखडला, तर कंबर आणि पाठीचा कणा त्याची उणीव इतक्या बेमालूमपणे भरून काढतात, की पुष्कळदा रोग्यालाही पत्ता लागत नाही. ही लपवाछपवी उघडी पाडण्याची एक साधी रीत लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी १८७५ मध्ये आपल्या पुस्तकात मांडली. तेव्हा एक्स-रे नव्हता. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला, आणि त्याच्या चार वर्षे आधीच थॉमस वारले होते.

थॉमस यांचा जन्म १८३४ साली वेल्समधल्या अँगलसी बेटावरचा. घराणे हाडवैद्यांचे. अठराव्या शतकात जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला एक अनाथ मुलगा त्यांचा मूळपुरुष, अशी कथा त्या घरात सांगत. हाडे बसवण्याची हातोटी त्याच्यापासून पिढ्यान्पिढ्या चालत आली. ह्यू यांचे वडील इव्हान हे लिव्हरपूलमध्ये हाडवैद्य म्हणून नावाजलेले होते, पण त्यांच्याकडे पदवी नव्हती. शहरातल्या पदवीधर डॉक्टरांचा त्यांच्यावर रोष होता आणि त्यांना वारंवार कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्याकडेही गावोगाव हाडवैद्य आहेत, त्यामुळे हा तंटा मराठी वाचकाला परका वाटू नये. इव्हान यांनी त्यावर व्यवहारी तोडगा काढला आणि पाचही मुलांना वैद्यकीय शिक्षणाला घातले.

ह्यू यांनी आधी मामाकडे उमेदवारी केली, मग एडिंबरा आणि लंडनला शिकून १८५७ मध्ये ते परवानाधारक शल्यचिकित्सक झाले. परत येऊन वडिलांबरोबर काम सुरू केले, पण दोघांचे पटले नाही. लवकरच त्यांनी वेगळा दवाखाना थाटला आणि पुढे नेल्सन स्ट्रीटवरच्या ११ नंबरच्या घरात त्यांचा जम बसला. कोणत्याही मोठ्या इस्पितळात त्यांना कधी जागा मिळाली नाही. गोदीतले हमाल, खलाशी, जहाजबांधणीचे कामगार आणि त्यांची मुले हेच त्यांचे रोगी. रविवारी गरिबांना ते फुकट तपासत, आणि त्या दिवशी दारात मोठी गर्दी होई.

त्या गर्दीत लंगडणारी मुले पुष्कळ असत. खुब्याचा क्षय तेव्हा युरोपभर होता. मूल आधी थोडे लंगडते, रात्री झोपेत किंचाळून उठते, मांडी पोटाकडे ओढून घेते. सांध्यात पू झाला, की वेदना कमी व्हावी म्हणून पाय वाकलेलाच ठेवला जातो, आणि हळूहळू तो तसाच आखडतो. औषध नव्हते, कारण क्षयावरची पहिली परिणामकारक औषधे आणखी सत्तर वर्षांनी आली. त्यामुळे कातडीवर फोड आणणे, डागणे, सांधा कापून काढणे किंवा पायच कापणे असे उपाय चालत. रोग लवकर ओळखला, तर मुलाचा पाय वाचण्याची शक्यता होती. पण ओळखायचा कसा? उताणे झोपवले, की आजारी पाय टेबलाला टेकलेला दिसे आणि डॉक्टरला खुबा सरळ वाटे.

थॉमस यांनी नेमके इथेच बोट ठेवले. खुबा वाकलेला असूनही पाय टेकतो, कारण मूल पाठीची कमान करते. कंबर टेबलापासून उचलली जाते, ओटीपोटाचे हाड पुढे झुकते आणि त्याबरोबर मांडी खाली येते. सांधा होता तिथेच अडकलेला असतो, वाक फक्त पाठीत सरकलेला असतो. म्हणून खुबा तपासण्याआधी पाठीची ही पळवाट बंद करायला हवी. थॉमस रोग्याचे कपडे काढून त्याला टेबलावर उताणे झोपवत. मग निरोगी पाय गुडघ्यात दुमडून छातीपर्यंत नेत, त्याने पाठ टेबलाला सपाट टेके. मदतनीस तो पाय तसाच धरून ठेवी, आणि रोग्याला दुसरा पाय सरळ करायला सांगत. खुबा निरोगी असेल तर मांडी टेबलावरच राहते. आखडलेला असेल तर ती आपोआप वर उचलली जाते. मांडी आणि टेबल यांच्यामधला कोन म्हणजे इतका वेळ लपून राहिलेला वाक. तीस अंश म्हणजे तीस, त्यात वाद नाही.

हाडवैद्याच्या घरात वाढलेल्या मुलाला हातांनी पाहण्याची सवय लागली असावी. त्याने शरीरशास्त्र शिकल्यावर ही रीत निघाली. अवजार एकही लागत नाही.

निदानानंतरचा थॉमस यांचा मंत्र होता विश्रांती. सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यायची. त्यासाठी त्यांनी घरीच कारखाना उभारला, लोहार आणि चामड्याचे काम करणारा कारागीर ठेवला, आणि लोखंडाच्या पट्ट्या रोग्याच्या अंगाला बेतून वाकवून घेतल्या. खुब्यासाठीची पट्टी पाठीपासून पोटरीपर्यंत जाई आणि छाती, मांडी व पोटरीला वेढे घालून बांधली जाई. चांगल्या पायाच्या बुटाखाली उंचवटा लावून, कुबड्या घेऊन मूल हिंडू शके. आजारी पाय नुसता लोंबत राही. अंथरुणाला खिळण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. अर्थात असा सांधा बरा होताना बहुधा जखडूनच जाई. पण सरळ जखडलेल्या पायावर माणूस चालतो, कामधंदा करतो. वाकडा आणि वाहता खुबा घेऊन ते जमत नाही.

माणूस मात्र विक्षिप्त होता. देह किरकोळ, प्रकृती तोळामासा, ओठात सदैव सिगारेट, गळ्यापर्यंत बटणे लावलेला काळा कोट. लहानपणी एका डोळ्याच्या पापणीला इजा झाली होती, म्हणून टोपी डोळ्यावर ओढलेली असे. पहाटे उठून ते लाल रंगाच्या बग्गीतून रोग्यांच्या घरी फिरत. वादाला सदैव तयार, पुस्तके स्वतःच छापून घेत, प्रतिपक्षाला झोडपून काढत. त्यांची गाठ सामान्य वाचकाशी कमी पडली, याला त्यांची किचकट भाषाही कारणीभूत होती. विश्रांतीचा त्यांचा आग्रह कधीकधी टोकाला जाई. आज अनेक इजांमध्ये आपण सांधा शक्य तितक्या लवकर हलवायला लावतो, आणि ते थॉमस यांना मुळीच रुचले नसते.

त्यांना मूल नव्हते. नात्यातला भाचा रॉबर्ट जोन्स १८७३ पासून त्यांच्याकडे राहून डॉक्टर झाला. स्वभावाने तो मामाच्या अगदी उलट, मनमिळाऊ आणि गोडबोल्या. ६ जानेवारी १८९१ रोजी न्यूमोनियाने थॉमस गेले. वय अवघे ५६. अंत्ययात्रेला लिव्हरपूलचे हजारो कष्टकरी लोटले. डॉक्टरी जगात त्यांचे नाव खऱ्या अर्थाने पोचले ते पहिल्या महायुद्धात, जोन्स यांच्यामुळे. मांडीचे हाड मोडलेले सैनिक तेव्हा रक्तस्राव आणि धक्क्याने मोठ्या संख्येने मरत होते. जोन्स यांच्या आग्रहाने मामाची गुडघ्यासाठीची पट्टी आघाडीवर वापरात आली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. जांघेत बसणारे गोल कडे आणि दोन्ही बाजूंना लांब लोखंडी सळ्या अशी ती थॉमस स्प्लिंट आपल्या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागांत आजही दिसते.

त्यांची तपासणीही तशीच टिकली. क्षयाचे रोगी आपल्याकडे अजून येतात, शिवाय मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा तुटलेले तरुण आणि झीज झालेले वयस्क येतात. मांडी घालून बसता येत नाही किंवा उकिडवे बसता येत नाही, ही बहुतेकांची पहिली तक्रार. निरोगी खुबा पुढे साधारण १२० अंश वाकतो, मागे १० ते २० अंश जातो, बाहेर ४५ अंशांच्या आसपास उघडतो. कोनमापकाने ही मापे घेताना थॉमस यांचाच धडा गिरवावा लागतो, कारण पाय बाहेर नेतानाही कंबर वर सरकून मदत करते. म्हणून तपासणारा एक हात कमरेच्या पुढच्या हाडावर ठेवतो, आणि ते हाड हलले, की मोजणे तिथेच थांबवतो.

मूळ रीतीत एक दुरुस्ती मात्र झाली आहे. निरोगी पाय छातीला जोरात दाबला, तर ओटीपोट गरजेपेक्षा मागे फिरते आणि नसलेला वाक दिसू लागतो. म्हणून आता डॉक्टर रोग्याच्या कमरेखाली तळहात सरकवतात आणि पाठीची पोकळी भरताच पाय पुढे नेणे थांबवतात. गुडघाही आखडलेला असेल, तर पोटरी टेबलाच्या कडेखाली लोंबू देतात. दोन्ही खुबे आजारी असतील तर रोग्याला पालथे झोपवतात. टेबल मात्र कडकच लागते; मऊ गादीत कंबर रुतते आणि माप चुकते. मिळालेला कोन तारखेसह केसपेपरवर अंशांत लिहिला जातो, म्हणजे तीन महिन्यांनी दुसऱ्याच डॉक्टरने तपासले तरी सांधा सुटतो आहे की आणखी आखडतो आहे, ते त्याला कळते.