बेल्जियमच्या पाद्रीनं हिंदीतच प्रबंध लिहायचा हट्ट धरला आणि विद्यापीठाला नियम बदलावा लागला

गोष्ट आहे १९४० च्या दशकातली. अलाहाबाद विद्यापीठात हिंदी विषयात पीएचडीच्या तोडीची डी.फिल. करायची असली, तरी प्रबंध इंग्रजीतच लिहावा लागायचा. म्हणजे अभ्यास तुलसीदासांचा, पण लिहायचं मात्र साहेबाच्या भाषेत!

या नियमाला आडवा गेला एक परदेशी विद्यार्थी. नाव, फादर कामिल बुल्के. इंग्रजी येत असूनही रामकथेवरचा प्रबंध हिंदीतच लिहिणार, असं त्यांनी सांगितलं. शेवटी विद्यापीठानं नियम बदलला. १९४९ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी ‘रामकथा : उत्पत्ति और विकास’ हा ग्रंथ छापून आला.

आता प्रश्न पडतो, बेल्जियमच्या माणसाला हिंदीचा एवढा पुळका का?

याचं उत्तर त्यांच्या गावात आहे. १ सप्टेंबर १९०९ ला त्यांचा जन्म झाला तो बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागातल्या रामस्कापेले गावात. तिथल्या लोकांची भाषा फ्लेमिश, पण शिक्षणात आणि कारभारात रुबाब फ्रेंचचा. लुवेन विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकताना बुल्के मातृभाषेच्या चळवळीत उतरले होते. भारतात आल्यावर त्यांना तेच चित्र दिसलं, फक्त फ्रेंचच्या जागी इंग्रजी होती.

इंजिनिअर झालेले बुल्के १९३० मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. १९३५ मध्ये ते भारतात आले आणि आजच्या झारखंडमधल्या गुमला इथं गणित शिकवू लागले. पुढं हजारीबागला पंडितांकडून हिंदी-संस्कृतचे धडे घेतले, दार्जिलिंगजवळच्या कर्सियांगला ईश्वरशास्त्राचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

त्यांच्या प्रबंधाचा आवाका आजही थक्क करतो. वाल्मीकींपासून बौद्ध जातककथा, जैन रामायणं, तमिळमधलं कंब रामायण, आपल्या एकनाथांचं भावार्थ रामायण, थेट इंडोनेशिया आणि थायलंडपर्यंत रामाची गोष्ट कशी पोहोचली आणि वाटेत कशी बदलत गेली, हे त्यांनी एकेका प्रसंगाचा माग काढत मांडलं. एका ख्रिस्ती धर्मगुरूनं हे काम केलं, ते रामकथेत खोट काढण्यासाठी नाही. तुलसीदासांवर त्यांचा अपार जीव होता आणि त्यासाठी त्यांना आपली श्रद्धा बाजूला ठेवावी लागली नाही.

१९५० मध्ये ते रांचीच्या सेंट झेवियर्स कॉलेजात हिंदी-संस्कृत विभागाचे प्रमुख झाले. १९५१ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. पण नियम बदलला म्हणून भाषा आपोआप ज्ञानभाषा होत नाही, त्यासाठी शब्द लागतात. म्हणून त्यांनी आधी १९५५ मध्ये पारिभाषिक शब्दांचा संग्रह काढला आणि १९६८ मध्ये इंग्रजी-हिंदी कोश. हा कोश पुढं घराघरात गेला. बायबल हिंदीत आणण्याचं कामही त्यांनी हाती घेतलं. त्यांचं ऐकणं अधू होतं, पण शब्दांचा शोध थांबला नाही.

१९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १७ ऑगस्ट १९८२ ला गँगरीननं दिल्लीत त्यांचं निधन झालं आणि तिथंच दफन करण्यात आलं. २०१८ मध्ये त्यांचे अवशेष रांचीला, त्यांच्या कॉलेजच्या आवारात आणण्यात आले.

उच्च शिक्षण मातृभाषेतून शक्य आहे का, हा वाद आजही मिटलेला नाही. मराठीतही तो अधूनमधून पेटतोच. बुल्केंनी या वादात नुसती मागणी केली नाही. हिंदीत प्रबंध लिहून दाखवला आणि पुढच्यांना अडायला नको म्हणून कोशही करून ठेवला.