बाबा बुदन

आपल्या अहमदपुरात घरी पाहुणा आला की आधी पाणी आणि मग चहा दिला जातो. कॉफी मात्र कधीतरीच होते. दक्षिणेला कर्नाटकात गेलात, तर सकाळी अनेक घरांतून कॉफीचा सुगंध येतो. भारतात कॉफीचे पहिले रोप लावण्याचा मान एका सूफी फकिराला दिला जातो. त्यांचे नाव हजरत बाबा बुदन.

बाबा बुदन सतराव्या शतकात होऊन गेले, असे मानतात. कर्नाटकातील चिक्कमगळूर जिल्ह्यात सह्याद्रीची एक उंच रांग आहे. तिला चंद्रद्रोण पर्वत म्हणतात. तेथील एका गुहेत बाबांचा मुक्काम असे. बाबांविषयी लिहिलेले थोडे आणि लोकांनी तोंडातोंडी जपलेले जास्त आहे. त्यातील सर्वांत प्रसिद्ध गोष्ट त्यांच्या हजयात्रेची आहे.

त्या काळी हजला जाणे सोपे नव्हते. शिडाच्या जहाजातून समुद्र ओलांडावा लागे. जाऊन येण्यात कित्येक महिने जात. या प्रवासात बाबा यमन देशात पोहोचले. तेथे त्यांनी कहवा पाहिला. कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या जंगलातले. पण तिची शेती यमनमध्ये वाढली. यमनमधील सूफी लोक रात्री जागून जिक्र करीत. झोप येऊ नये म्हणून ते कहवा पीत. पुढे हे पेय मक्का, काहिरा आणि इस्तंबूलपर्यंत पोहोचले.

यमनमधील मोखा हे कॉफीचे मोठे बंदर होते. तेथून जगभर कॉफी जाई, पण जिवंत बी बाहेर जाऊ देत नसत. बिया उकळून किंवा भाजूनच विकल्या जात. त्यामुळे त्या कोठेही पेरल्या तरी उगवत नसत. हा व्यापार आपल्याच हाती राहावा, असे तेथील व्यापाऱ्यांना वाटे.

बाबांनी परत येताना सात कच्च्या बिया बरोबर आणल्या. कोणी म्हणतात, त्या कमरेला बांधल्या होत्या. कोणी म्हणतात, दाढीत लपवल्या होत्या. आपल्या गुहेजवळच्या उतारावर त्यांनी त्या पेरल्या. तेथील हवा थंड होती आणि पाऊस भरपूर होता. बिया रुजल्या आणि डोंगरावर कॉफी आली.

मुलांनो, ही गोष्ट सांगितली की वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. बाबांनी तेथील नियम मोडला, हे योग्य झाले का? प्रश्न चांगला आहे. त्या नियमावर यमनमधील अनेकांची रोजीरोटी अवलंबून होती. दुसरीकडे, बाबांनी त्या बियांचा व्यापार केला नाही. त्यांनी त्या मातीला दिल्या. बी ही एकाची मालमत्ता असावी की सर्वांची, यावर आजही जगात वाद होतात. तुम्हीही यावर विचार करा.

पुढे मलबारच्या किनाऱ्यावरून डच व्यापाऱ्यांनी 1696 आणि 1699 मध्ये कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. तेथून ती ॲमस्टरडॅममार्गे अमेरिका खंडात पोहोचली. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत.

पण बी पेरले म्हणजे काम संपत नाही. कॉफीच्या झाडाला पहिले पीक यायला तीन-चार वर्षे लागतात. ही झाडे मोठ्या झाडांच्या सावलीत वाढवतात. उन्हाळ्यात एखादी सर पडली की त्यांना पांढरी, सुगंधी फुले येतात. हिवाळ्यात फळे पिकून बोरासारखी लाल होतात. एकाच फांदीवर काही फळे लाल, तर काही हिरवी असतात. म्हणून आपल्याकडे कापसाची वेचणी होते तशी ही फळेही हाताने, तीन-चार वेळा खुडावी लागतात. मग साल काढून बिया धुतात आणि अंगणात उन्हात वाळवतात. पाच-सहा किलो फळांपासून जेमतेम एक किलो बी मिळते. एका पेल्यामागे शेतकऱ्याचे आणि मजुरांचे एवढे कष्ट असतात.

या कष्टांना नाव मात्र फार काळ मिळाले नाही. 1942 च्या कायद्यानंतर शेतकऱ्यांना आपली कॉफी सरकारी कॉफी बोर्डाकडे जमा करावी लागे. तेथे सर्वांची कॉफी एकत्र होई. आपल्या मोंढ्यात सगळ्यांची तूर एकाच ढिगात पडावी, तसेच ते होते. कोणी किती निगा राखली, हे पिणाऱ्याला कळत नसे. 1990 च्या दशकात हे बंधन उठले. मग काही शेतकरी आपल्या मळ्याच्या नावाने कॉफी विकू लागले.

आता जाणकार लोक एकाच डोंगरावरची, एकाच मळ्यातली कॉफी वेगळी करून चाखतात. ते तिच्यात दूध-साखर घालत नाहीत. आधी वास घेतात, मग चमच्याने भुरका मारतात. एखाद्या कॉफीत लिंबासारखी आंबट चव लागते, तर एखादीत गुळासारखी गोडी. उंच, थंड डोंगरावर फळ सावकाश पिकते आणि त्याची चव खुलते. 2019 मध्ये बाबा बुदनगिरीच्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हे नाव आता त्याच डोंगरावरच्या कॉफीला लावता येते. आपल्या लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांनाही 2024 मध्ये असाच मान मिळाला.

बाबांच्या नावावरून त्या डोंगराला बाबा बुदनगिरी म्हणतात. तेथील गुहेला मुसलमान दर्गा मानतात, तर हिंदू ते गुरू दत्तात्रेयांचे स्थान मानतात. दोन्ही धर्मांचे लोक तेथे येतात. वाटेत दोन्ही बाजूंना कॉफीचे मळे लागतात.

बाबांनी सात बिया आणल्या. त्यांचे मळे झाले ते पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या हातांमुळे. यापुढे कॉफी, चहा किंवा घरच्या ताटातले वरण समोर आले, तर घाई करू नका. पहिला घोट, पहिला घास सावकाश घ्या. हे कोणत्या मातीत पिकले आणि कोणी पिकवले, याची आठवण ठेवा. ज्या हातांनी ते पिकवले, त्यांच्यासाठी दुआ करा.