हाइनरिख हर्ट्झ

बोटीसाठी वॉकी-टॉकी घेताना त्यावर १५६.८ मेगाहर्ट्झ मिळते की नाही, हे आधी पाहावे. समुद्रावर संकटाची हाक देण्याचा १६ क्रमांकाचा चॅनेल तोच. सेकंदाला एक लहर म्हणजे १ हर्ट्झ. आणि हर्ट्झ हे एका माणसाचे नाव.

हाइनरिख हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी जर्मनीतील हांबुर्ग शहरी झाला. बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्या हाताखाली शिकून १८८५ साली ते कार्ल्सरुहे येथे प्राध्यापक झाले. तेथे पुढील तीन वर्षांत त्यांनी मोठे नवल करून दाखविले. एका बाजूला विजेची ठिणगी पाडली की दूर ठेवलेल्या वाकड्या तारेच्या फटीत दुसरी ठिणगी उडे. मध्ये तार नाही, काही नाही! ती ठिणगी इतकी बारीक की अंधार करून पाहावी लागे. बिनतारी लहरी सिद्ध झाल्या. पण त्यांवरून माणसे बोलतील, असे काही त्यांच्या मनात आले नाही.

१ जानेवारी १८९४ रोजी बॉन येथे ते वारले, तेव्हा अवघे ३६ वर्षांचे होते. मागे पत्नी व दोन लहान मुली राहिल्या. हर्ट्झ यांचे पितृकुळ मूळचे ज्यू. त्यामुळे नाझी राजवटीत त्या तिघींना जर्मनी सोडून इंग्लंडला जावे लागले.