विश्लेषण : बंदर समोर, तरी क्रूझवरून उतरता का येत नाही? वाऱ्याला आकडे देणारे ब्युफोर्ट कोण होते?

मोठ्या जहाजाला धक्क्याला लागता येत नसेल, तर क्रूझ समुद्रात नांगर टाकते आणि प्रवासी लहान बोटींतून किनाऱ्यावर जातात. याला ‘टेंडरिंग’ म्हणतात. वारा वाढला की ते थांबते. पण ‘वाढला’ म्हणजे किती? त्याचे माप फ्रान्सिस ब्युफोर्ट यांच्या नावाने ओळखले जाते.

कोण होते ब्युफोर्ट?
जन्म १७७४, आयर्लंड. पंधराव्या वर्षीच त्यांचे जहाज फुटले. पुढे ते ब्रिटिश नौदलात गेले. १८०० मधील चकमकीत ते गंभीर जखमी झाले.

मोजपट्टी कशी बनली?
‘जोराचा वारा’ प्रत्येक खलाशाला वेगळा वाटे. १८०६ मध्ये ब्युफोर्ट यांनी आपल्या नोंदवहीत वाऱ्याला क्रमांक दिले. पुढे शिडे किती ठेवता येतात, यावरून ० ते १२ अशा पायऱ्या ठरल्या. १८२९ पासून ते नौदलाचे मुख्य जलसर्वेक्षक होते. डार्विन ज्यावर होते, त्या ‘बीगल’ने ही मोजपट्टी वापरली. १८३८ मध्ये नौदलाने ती स्वीकारली. १८५७ मध्ये ब्युफोर्ट यांचे निधन झाले.

आज उपयोग काय?
पाचव्या पायरीला वारा ताशी २९ ते ३८ किलोमीटर असतो. लाटांवर फेस दिसतो. जहाज आणि बोट वेगवेगळ्या तालात वर-खाली होतात. मधली फट उघडते, मिटते. पाय चुकला तर जिवावर बेतते. दूरच्या वादळाच्या लाटा मात्र वारा नसतानाही येतात. त्या या मोजपट्टीत दिसत नाहीत. म्हणूनच अंतिम निर्णय कॅप्टनचा असतो.