दीनबंधूंचा सेवाधर्म

नाताळच्या मंगल पर्वावर ख्रिस्ती बांधवांच्या सेवावृत्तीचे स्मरण सहजच होते. त्यांच्या धर्मसंस्था आपले सेवक समुद्रापार का पाठवितात, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदा शंकेच्या सुरात विचारला जातो. ती शंका सर्वस्वी निराधार नव्हे. परकीय सत्तेच्या छत्राखाली आलेल्या अनेक धर्मोपदेशकांच्या ठायी वडीलकीचा ताठा असे. परंतु एका इंग्रज धर्मसेवकाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्यानेच दिले. त्या सत्पुरुषाचे नाव चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज.

१२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते. एका विश्वासू स्नेह्याने कुटुंबाचे धन बुडविले, तेव्हा त्या माऊलीने व पित्याने त्याला शाप दिला नाही. उलट वडिलांनी त्याच्यासाठीच देवाची करुणा भाकली. बालपणी पाहिलेला हा प्रसंग चार्ल्सच्या अंतःकरणावर कायमचा कोरला गेला.

केंब्रिजचे शिक्षण आणि लंडनच्या गरीब वस्तीतील सेवा आटोपून १९०४ मध्ये ते केंब्रिज मिशनचे सेवक म्हणून दिल्लीस आले व सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवू लागले. तेथे सुशीलकुमार रुद्र हे बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक त्यांना भेटले आणि शिकविण्यास आलेला हा इंग्रज त्यांच्याजवळ हिंदुस्थान शिकू लागला. पुढे प्राचार्यपद रिकामे झाले. ते इंग्रजाकडेच असावे, हा तोवरचा रिवाज. अँड्र्यूज यांनी मात्र अनुभवाने व योग्यतेने वडील असलेल्या रुद्रांचाच आग्रह धरला आणि स्वतः त्यांच्या हाताखाली आनंदाने काम केले. १९०६ मध्ये रुद्र त्या कॉलेजचे पहिले हिंदी प्राचार्य झाले. परक्या घरी सेवेस गेलेल्याने घरधन्याचे आसन बळकावू नये, ही मर्यादा त्यांनी अशी पाळली.

१९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी नामदार गोखल्यांनी साहाय्याची हाक दिली. अँड्र्यूज यांनी आपली सारी शिल्लक गोखल्यांच्या निधीस अर्पण केली आणि आपले सहकारी पिअर्सन यांच्यासह ते स्वतःही निघाले. जानेवारी १९१४ च्या प्रारंभी दरबानच्या धक्क्यावर उतरताच त्यांनी गांधीजींच्या चरणांना स्पर्श केला. एका गोऱ्या धर्मगुरूने हिंदी माणसापुढे वाकावे, याचा तेथील गोऱ्या समाजास भारी संताप आला. गांधीजी व जनरल स्मट्स यांच्यातील समेटासाठी ते खटपट करीत असतानाच इकडे इंग्लंडात त्यांची आई निवर्तली. आईचे अखेरचे दर्शन घडले नाही. परंतु हाती घेतलेले काम त्यांनी अर्धवट टाकले नाही.

त्याच वर्षी मिशनची नोकरी सोडून ते रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात राहावयास गेले. येशूवरील त्यांची निष्ठा मात्र तसूभरही ढळली नाही. १९१५ व १९१७ मध्ये त्यांनी फिजी बेटांतील उसाच्या मळ्यांवर जाऊन गिरमिटिया मजुरांची दैना डोळ्यांनी पाहिली व ती जगापुढे मांडली. हिंदी नेत्यांच्या चळवळीस त्यांच्या अहवालांचे बळ मिळाले. १९१७ मध्ये मजुरांची भरती थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेल्या मजुरांचे करारही रद्द झाले. 'दीनबंधू' ही पदवी कोणत्या सरकारने नव्हे, तर अशा दीनांच्या प्रेमाने त्यांच्या नावाशी जडली.

५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९७१ मध्ये, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

धर्मसंस्थेने परदेशी सेवक का धाडावा, याचे उत्तर या चरित्रात आहे. तेथील माणसांच्या खांद्याशी खांदा लावावा, त्यांच्याकडून शिकावे, मान त्यांना द्यावा आणि कष्टांत वाटा आपण उचलावा, एवढ्यासाठीच. ज्याचा देव गोठ्यात जन्मला, त्याने उच्चासन कशास मागावे? आपल्या संतांनीही सेवेची हीच खूण सांगितली आहे. धर्म कोणताही असो, दीनांच्या दारी नम्र होऊन उभा राहणारा सेवक आपल्याला वंदनीयच वाटतो.