विमानकर्ता लुई ब्लेरिओ

लुई ब्लेरिओ याचा जन्म १ जुलै १८७२ रोजीं फ्रान्समधील कांब्रे या गांवीं झाला. पॅरिस येथें यंत्रशास्त्राचें शिक्षण संपवून त्यानें मोटारींच्या ॲसिटिलीन दिव्यांचा कारखाना काढला. धंदा उत्तम चालला. परंतु मिळालेला पैसा तो विमानांच्या प्रयोगांत घालूं लागला. एकामागून एक विमानें मोडलीं आणि घरची पुंजी सरत आली.

त्याचें अकराव्या क्रमांकाचें एकपंखी विमान मात्र साधलें. त्यास सुमारें २५ अश्वशक्तीचें इंजिन होतें. २५ जुलै १९०९ च्या पहांटे, पाय भाजलेला असतांही, होकायंत्रावांचून तो कॅलेजवळून इंग्लिश खाडी ओलांडण्यास निघाला. पत्नी ॲलिस सोबतच्या युद्धनौकेवर होती. ती नौका लौकरच मागें पडली व कांहीं मिनिटें त्यास जमीन कोठेंच दिसेना. सुमारें ३७ मिनिटांनीं तो डोव्हरच्या किल्ल्याजवळ उतरला. उतरला म्हणण्यापेक्षां आदळला! तथापि १००० पौंडांचें बक्षीस मिळालें आणि विमानास मागण्यांची रीघ लागली.

पो येथें त्यानें उड्डाणशाळा काढली. पुढें याच विमानाचे पंख आंखूड करून केलेल्या ‘पेंग्विन’ यंत्रावर फ्रान्समधील नवशिके प्रथम जमिनीवरच धांवावयास शिकत. तें उडतच नसे. (घाई करणाऱ्या आमच्या मुलांस हें रुचणार नाहीं.)

मग अपघात होऊं लागले. मेलेल्या वैमानिकांवर दोष ढकलणें सोपें होतें. ब्लेरिओनें आपलेंच विमान तपासलें. विमान एकाएकीं खालीं झुकविलें असतां वारा पंखांस वरून दाबतो, आणि तो भार वरच्या तारांस सोसवत नाहीं, हें त्यानें लष्करास स्पष्ट कळविलें. १९१२ सालीं फ्रेंच लष्करानें एकपंखी विमानें कांहीं काळ बंद ठेविलीं. चाचण्यांत त्याचें म्हणणें खरें ठरून तारा बळकट झाल्यावरच बंदी उठली. खाडीच्या उड्डाणापेक्षां हें कृत्य आम्हांस अधिक धैर्याचें वाटतें. कारण त्याचा उदरनिर्वाह आतां विमानांच्या विक्रीवर होता.

हार्डेलो येथील समुद्रकिनाऱ्यावर त्याच्या घराशेजारीं जे. आर. डी. टाटा यांचें कुटुंब उन्हाळ्यांत राहत असे. तेथें उतरणारें विमान पाहून बाळ टाटांस उड्डाणाचा ध्यास लागला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं ते कराचीहून टपाल घेऊन मुंबईस जुहू येथें उतरले. ब्लेरिओ तेव्हां हयात होता; तो १९३६ च्या ऑगस्टमध्यें पॅरिस येथें वारला.