तेराव्या प्रमेयापर्यंत

इ. स. १८८७ च्या नोव्हेंबर महिन्यात राजकोटच्या हायस्कुलातील अठरा वर्षांचा एक विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेस अहमदाबाद येथे बसला. त्यास ६२५ पैकी साडेदोनशेलाही अडीच कमी, म्हणजे २४७.५ गुण मिळाले. गणितात १७५ पैकी ५९. मोहनदास करमचंद गांधी हे नाव पुढे साऱ्या जगाला ठाऊक झाले, पण त्या निकालात ते इतर शेकडो नावांत मिसळून गेलेले होते. महात्म्याच्या चरित्रात हे आकडे कुतूहलापुरते येतात आणि कथा लगेच विलायतेकडे वळते. गणिताच्या त्या ५९ गुणांमागे मात्र चार वर्षांचा एक झगडा होता, आणि त्यांच्या शिक्षणविचाराचे मूळ तेथे सापडते.

मोहनदासांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. तेथील शाळेत पाढे पाठ करताना त्यांना बरेच सायास पडले. वडील करमचंद राजकोटला आले तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. करमचंद संस्थानांची दिवाणगिरी सांभाळणारे कर्तबगार गृहस्थ. शालेय शिक्षण गुजराती पाचवीपर्यंतचे, इंग्रजीचा गंध नाही. पण माणसे पारखण्यात आणि गुंतागुंतीचे तंटे सोडवण्यात हातखंडा. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हायस्कुलात असतानाच, वयाच्या तेराव्या वर्षी मोहनदासांचे लग्न झाले आणि त्यात शाळेचे एक वर्ष वाया गेले. मुलगा कष्टाळू आहे असे पाहून शिक्षकांनी ते भरून काढण्याची संधी दिली. तिसऱ्या इयत्तेत सहाच महिने काढून मोहनदास चौथीत, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण आठवीत, गेले. नेमक्या याच इयत्तेपासून बहुतेक विषय इंग्रजीतून सुरू होत. भूमितीचा विषय तर नवाच. शिक्षक चांगले शिकवीत, पण या मुलाच्या पदरी काही पडेना. पुन्हा तिसरीत जाऊन बसावे, दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात उरकण्याचा हव्यास सोडावा, असे त्याच्या मनात वरचेवर येई. परंतु परत फिरलो तर आपली नाचक्की होईलच, शिवाय ज्यांनी भरवसा ठेवून वर चढवले त्या शिक्षकांचीही होईल, या विचाराने तो तेथेच टिकून राहिला. स्वतःच्या अब्रूपेक्षा गुरुजींच्या शब्दाची चाड मुलाला अधिक वाटावी, हे कोणत्याही शिक्षकाला सुखावणारे आहे.

त्या वर्गाचे चित्र पुढे गांधीजींनीच रेखाटले आहे. भूमिती, बीजगणित, रसायन, ज्योतिष, इतिहास, भूगोल, सारे इंग्रजीतून. संस्कृत आणि फारसीसुद्धा इंग्रजीच्या द्वारे शिकायचे. वर्गात कोणी आपल्याला कळणाऱ्या गुजरातीत बोलला तर त्यास शिक्षा होई. मोडकेतोडके इंग्रजी बोलला तर चालत असे. भूमिती समजावून देण्यासाठी शिक्षक जिवाचे रान करीत आणि ऐकणाऱ्याचे डोके गरगरू लागे. न समजलेले पाठ करणे एवढाच मार्ग उरे.

या शिक्षेचा एक परिणाम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात गणित एकट्या शिक्षकाकडून कधीच शिकले जात नाही. फळ्यावरची रीत एखाद्याला आधी उमगते, तो शेजाऱ्याच्या पाटीकडे झुकतो, दोन शब्दांत गाठ सोडवून देतो. मधल्या सुट्टीत तीच गाठ आणखी चौघांची सुटते. हे दोन शब्द घरच्या भाषेतलेच असतात. तेच गुन्हा ठरले की ज्याला कळले तो गप्प बसतो आणि ज्याला कळले नाही तोही गप्प बसतो. वर्ग भरलेला, पण प्रत्येक मुलगा एकटा.

पुष्कळ खटपटीनंतर मोहनदास युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील तेराव्या प्रमेयापाशी पोहोचले आणि तेथे एकाएकी उजेड पडला. सरळ रेषेवर दुसरी रेषा येऊन उभी राहिली, की तिच्या दोन बाजूंना होणारे कोन एकतर दोन काटकोन असतात, नाहीतर त्यांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते, असे ते प्रमेय. आज मुले हेच ‘रेषीय जोडीतील कोन’ या नावाने शिकतात. युक्लिडचा आरंभ समभुज त्रिकोणाच्या रचनेने होतो. पाचवे प्रमेय समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतच्या कोनांचे; तेथे विलायतेतली पोरेसुद्धा इतकी अडखळत की त्याला ‘गाढवांचा पूल’ असे नाव पडले होते. अकराव्यात रेषेवर लंब उभारायला शिकवले जाते आणि तोच लंब तेराव्याच्या सिद्धतेत कामी येतो. बाहेरून काही आणावे लागत नाही, मागचे हाताशी असले की पुढचे आपोआप उलगडते, हे ज्याला एकदा दिसले त्याची भीती गेली. ज्यात केवळ बुद्धी सरळ चालवायची आहे तो विषय अवघड असूच शकत नाही, अशी त्यांची खात्री पटली आणि भूमिती त्यांना कायमची सोपी व गोड वाटू लागली. पाठांतर मागणारे संस्कृत त्यापेक्षा जड गेले. फारसी सोपी आहे असे ऐकून ते एके दिवशी त्या वर्गात जाऊनही बसले होते. संस्कृतच्या कृष्णशंकर पंड्या मास्तरांनी मायेने परत बोलावले म्हणून वळले.

पाचवीत आणि सहावीत त्यांना शिष्यवृत्ती मिळाली, अनुक्रमे दरमहा चार आणि दहा रुपयांची. ती सोरठ प्रांतातील मुलांसाठी राखीव होती व वर्गात सोरठचे विद्यार्थी थोडे होते, असे सांगून त्यांनी तिचे श्रेय नशिबाला देऊन टाकले.

भूमिती सुटली, भाषेची गाठ मात्र सुटली नाही. आजारी वडिलांच्या सेवेसाठी मोहनदास शाळेतून धावत घरी येत. परंतु दिवसभर वर्गात जे ऐकले त्यातले काहीही त्या अनुभवी दिवाणाला सांगता येत नसे. शिकलेला मुलगा आपल्याच घरात परका होत चालला होता. करमचंद १८८५ मध्ये वारले.

पुढील कथा सर्वांस ठाऊक आहे: भावनगरच्या सामळदास कॉलेजातील एक सत्र, १८८८ मध्ये विलायत, बॅरिस्टरी, १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिका. प्रिटोरियाला दादा अब्दुल्लांचा दावा हिशेबाच्या वह्यांवर अडला तेव्हा त्यांनी नामेजमेचे पुस्तक विकत आणून तो विषय एकट्याने अभ्यासला. १९१० मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर मुले गोळा झाली. त्यांना हिंदी, तमिळ, गुजराती, उर्दू ज्याच्या त्याच्या भाषेतून शिकवण्याची व्यवस्था झाली. युक्लिडही सुटला नव्हता. जाडी नसलेली रेषा कोणालाच काढता येत नाही, तरी ती मनात धरल्यावाचून भूमिती चालत नाही. आदर्शाचेही तसेच, हा दृष्टांत त्यांनी आयुष्यभर दिला.

१९१७ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे. ऑक्टोबरात भडोच येथे गुजरात शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी मातृभाषेतून शिक्षणाची बाजू मांडली. आदल्याच वर्षी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी महिलांसाठी मातृभाषेतून शिकवणारे विद्यापीठ काढले होते. आणि कर्वे तर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलेले प्राध्यापक. त्याच वर्षाच्या अखेरीस चंपारणात खेड्यांतल्या शाळा उघडल्या, तेव्हा मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन तेथे गेल्या. हिंदी जेमतेम येत असताना शिकवायचे कसे, ही त्यांची अडचण. व्याकरणापेक्षा स्वच्छता आणि वागणूक शिकवा, अक्षरे आणि अंक तेवढे कठीण जाणार नाहीत, असा धीर गांधीजींनी दिला. या बायकांचे वर्गच सर्वांत चांगले चालले, अशी नोंद त्यांनी केली आहे. अवंतिकाबाईंनी पुढील वर्षी मराठीत गांधीजींचे चरित्र लिहिले आणि त्याला प्रस्तावना लाभली लोकमान्य टिळकांची, म्हणजे आणखी एका गणितप्रेमी माणसाची. मराठी मुलखाबाहेर जाऊन शाळा चालवणाऱ्या या दोघींची आठवण अधिक ठेवायला हवी होती.

१९२० साली अहमदाबादेस गुजरात विद्यापीठ निघाले. त्याच्या गुजराती शब्दकोशाच्या कामात पुढाकार होता साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे, एका मारवाडी शिक्षणसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने शिक्षणपरिषद भरली आणि मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या द्वारे सात वर्षांचे शिक्षण ही योजना पुढे आली. तेथे मुलांना अंकगणित सुतावर शिकायचे होते: चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी.

जुलै १९३८ मध्ये ‘हरिजन’ पत्रात त्यांनी राजकोटच्या त्या वर्गाचा हिशेब पुन्हा मांडला. अंकगणित, भूमिती, बीजगणित, रसायन आणि ज्योतिष यांना जी चार वर्षे लागली, ते सारे गुजरातीतून एका वर्षात सहज झाले असते, असे त्यांचे गणित होते. आणि त्याच लेखात त्यांनी कबूल केले, की मातृभाषेवर एवढे प्रेम असूनही भूमितीतल्या आणि बीजगणितातल्या संज्ञांना गुजरातीत काय म्हणतात, हे आपल्याला अजून ठाऊक नाही. तेव्हा ते ६८ वर्षांचे होते.

नोआखालीच्या पदयात्रेत, वयाच्या ७७ व्या वर्षी, तेथील लोकांशी त्यांच्या भाषेत बोलता यावे म्हणून ते बंगाली शिकू लागले. रोजचा पाठ त्यांनी पुढेही सोडला नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनात त्यांनी बंगालीचा त्या दिवसाचा पाठ लिहून पूर्ण केला होता.